आठ सेंटिमीटर

एवढीशी तबकडी, तळहातात मावणारी.
लेणीच्या पायऱ्यांवर काझुको नावाच्या एका बाईनं
ती बापाला दिली,
फोडलेल्या जांभळ्या गारगोटीच्या बदल्यात.
बाप शंभर रुपये मागत होता.
पाकीट लांबट, उदबत्तीच्या पुड्यासारखं,
वर एक पाठमोरी पोरगी आणि लाल अक्षरं.
"एइगा," बाई म्हणाली.
एइगा म्हणजे पिक्चर.
तेवढं बापाला कळत होतं.

फर्दापुरात तेव्हा ती वाजवायला काही नव्हतं.
बाप लेण्यांत उजेड पाडायचा,
म्हणजे खरंच पाडायचा:
दाराशी पत्रा धरून ऊन आत वळवायचं,
आतल्या पांढऱ्या कापडावर झेलायचं,
तिथून भिंतीवर,
की काळोखातून एखादा डोळा, एखादं बोट वर यावं.
मग पत्रा खाली.
मग पुढचे लोक.

म्हणून ते गाणं आमच्या घरी
आधी कवडसा होऊन आलं.
चुलीवर, कणगीवर, आईच्या कपाळावर
सहा वर्षं नुसतं फिरलं.

सिल्लोडला पाटणीच्या दुकानात
प्लेअरचा खण बाहेर सरकला
तेव्हा मोठ्या वर्तुळाच्या पोटात
एक छोटं वर्तुळ होतं, खोलगट.
"हे कशाला?" बापानं विचारलं.
"कंपनी फिटिंग."
बापानं खिशातून काढली, ठेवली.
बसली.

आधी पेटीसारखं काहीतरी, पण पेटी नाही.
मग बाई. डोक्यावरचा भरला हंडा
कुणाला जाग येऊ नये म्हणून
हळू उतरवावा, तसा आवाज.

अर्थ विचारत बाप हिंडला.
एकजण म्हणाला, राहून गेलेलं.
एकजण म्हणाला, रिकामी खुर्ची.
काठी टेकत आलेला एक म्हातारा म्हणाला,
हे शेवटी लागतं,
पडद्यावर नावं वर सरकत असतात,
आणि गाणं संपेपर्यंत कुणी उठत नाही.
हे बापाला काही केल्या खरं वाटेना.
आपल्याकडं व्हिलन पडला
की लोक चपला शोधतात.

तबकडीत तेच गाणं पुन्हा एकदा होतं,
पण त्यात बाईच नव्हती.
आम्हाला वाटलं, बिघडली.
त्या मोकळ्या जागेत बाप म्हणायचा,
त्याच चालीत, डोळे मिटून:
आशिमोतो नि, कि ओ त्सुकेते.
मी आणि चंद्रकला तेच म्हणत मोठ्या झालो.
पायाखाली लक्ष द्या, एवढाच अर्थ होता,
गुहेच्या उंबऱ्यावर पाहुण्यांना सांगायचा.
मला हे कळलं पुण्यात,
जपानीच्या पहिल्या परीक्षेला,
आणि मी पेपर सोडून हसत बसले.

कुलूपबंदीच्या वर्षी बस नाही, पाहुणे नाहीत,
गारगोट्यांवर धूळ.
मी मोबाईलवर तो पिक्चर शोधून काढला.
समुद्राकाठी केशकर्तनालय चालवणारी एक विधवा,
तिच्याकडं दर महिन्याला येणारा पोस्टमन.
कुणी मरत नाही. कुणी पळून जात नाही.
तो एकदा केस न कापता परत जातो, एवढंच.

बापानं पंचवीस वर्षं आम्हाला सांगितलेल्या पिक्चरमध्ये
पूर होता, आंधळी बहीण होती,
आणि दिवा घेऊन आत गेलेला एक माणूस.

नावं सरकायला लागली.
गाणं आलं.
बाप हलला नाही.
आईनं दोनदा जेवायला हाक मारली.
शेवटचं नाव वर गेलं, पडदा काळा झाला,
त्यात त्याचंच तोंड दिसायला लागलं,
मग म्हणाला,
"पिक्चर चांगलाय.
पण गाणं याचं नाही."

आता तबकडीला चरे पडलेत.
आईनं ती मक्यात बांधलीय, सुतळीनं, काठीला.
वारा आला की कवडसा कणसांवरून पळतो,
बांधावर, विहिरीच्या कठड्यावर, परत.
पोपट येतात, दचकतात, उडतात.
शेवटपर्यंत
एकही बसत नाही.